कृष्णाकाठचा ठोका

सामन्याला येणाऱ्या प्रत्येक माणसाला दारातच वाटीभर तांबडा रस्सा द्यायचा, आणि तोही असा की पहिल्या घोटाला कानांतून धूर निघाला पाहिजे, असा ठराव कुरुंदवाडच्या 'कृष्णाकाठ' महिला कबड्डी संघाच्या कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला. सूचक अध्यक्ष बापूसाहेब मगदूम, अनुमोदक बाकीचे सगळे. विरोध होता तो फक्त संघाची कप्तान उज्ज्वला चौगुले हिचा. पण कप्तानाला कार्यकारिणीत मत नसतं, नुसता चहा असतो.

"बापूसाहेब, रश्श्यानं काय व्हणार?" उज्ज्वलानं विचारलं.

"छाती धडधडणार! कंपनी धडधड मोजणार म्हणल्यावर आपण धडधड द्यायची. त्यात काय एवढं?"

ही धडधडीची भानगड काय, ते आधी सांगायला हवं.

त्या काळात कबड्डीच्या दोन लीग होत्या. एक वरची. तिचे सामने मोठ्या शहरांत, थंडगार बंदिस्त स्टेडियममध्ये होत, आणि लोक घरी बसून एक खास चष्मा लावून ते बघत. चष्म्यातून हव्या त्या खेळाडूच्या डोळ्यांनी मैदान दिसायचं. दुसरी लीग आठ छोट्या गावांची. तिचं कागदावरचं नाव भारदस्त होतं, पण सगळे तिला 'खालची लीग'च म्हणायचे. तिच्यात खेळणाऱ्या पोरीसुद्धा. या पोरी सकाळी आपापली कामं करायच्या आणि संध्याकाळी खेळायच्या. उज्ज्वला दूध संघात आलेल्या दुधाची फॅट काढायची, म्हणजे स्निग्धांश तपासायची, आणि दिवस कलला की मॅटवर डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. तिच्या तावडीत घोटा सापडला, की चढाई करणारी पोरगी मध्यरेषेकडे नुसते हात पसरायची.

दोन्ही लीग जगायच्या जाहिरातींवर, आणि जाहिराती यायच्या बघणाऱ्यांच्या आकड्यांवर. एके वर्षी असं उघडकीला आलं, की वरच्या लीगच्या कोट्यवधी प्रेक्षकांपैकी निम्म्याहून जास्त प्रेक्षक माणसं नव्हतीच. ते संगणकाचे प्रोग्रॅम होते. ते सामना उघडायचे, टाळ्या वाजवायचे, 'काय पकड आहे!' असं लिहायचे, आणि एकमेकांशी भांडायचेसुद्धा. जाहिरातवाल्यांनी डोक्याला हात लावला. आपण इतकी वर्षं साबण नक्की कोणाला विकत होतो, हेच त्यांना कळेना.

तेव्हा 'अनुनाद' नावाची कंपनी पुढं आली. तिनं एक दिवा तयार केला होता. दिसायला साधा, मैदानावर असतो तसा. पण उजेडाबरोबर तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेडिओलहरीही सोडायचा. गाडी मागं घेताना आडवा आलेला खांब ओळखतात, त्याच जातीच्या. माणसाचं काळीज ठोका देतं तेव्हा छातीची आणि पाठीची कातडी जेमतेम केसाच्या जाडीइतकी हलते. त्या लहरी अंगावर आपटून परत आल्या, की ती हालचाल दिव्याला कळायची. श्वासाची हालचाल वेगळी काढायची, कापड हललेलं वेगळं काढायचं, उरला तो काळजाचा ठोका. अंगाला काही चिकटवायला नको, काही विचारायला नको.

खरी गंमत पुढं होती. माणसं एखाद्या गोष्टीत मनापासून गुंतली, की त्यांची काळजं एकाच वेळी वेग घेतात आणि एकाच वेळी मंदावतात. शेजारी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांचंही असं होतं. ही एकतानता किती, ते शंभरपैकी गुणांत दिवा सांगायचा. डोळे विकत घेता येतात, टाळ्या विकत घेता येतात. दोन हजार काळजं एका चालीत चालवणं कुणाच्या बापाला विकत घेता येत नाही. कंपनीनं या गुणाला संस्कृतातलं लांबलचक नाव ठेवलं होतं. कुरुंदवाडात त्याचं नाव झालं 'ठोका'. "आज ठोका किती पडला?" असं लोक पानपट्टीवर विचारू लागले.

कंपनीनं आधी खालच्या लीगमध्ये एक हंगाम प्रयोग करायचं ठरवलं. अट एकच होती. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात ज्या संघाचा ठोका साठच्या वर जाईल, तो संघ कंपनी चालवणार. बाकीचे बंद.

उज्ज्वलाला तेहतिसावं लागलं होतं. वरच्या लीगनं तिला विशीत विचारलं नव्हतं, आता काय विचारणार? कृष्णाकाठ बंद पडला, म्हणजे तिची कबड्डी बंद पडली. एवढा साधा हिशोब होता. फॅट काढताना, भांडी घासताना, बसमध्ये उभी असताना तिच्या मनात तोच घोळत असायचा.

रस्सा अर्थातच झकास झाला. माणसांनी दोन-दोन वाट्या ओढल्या आणि घाम पुसत, नाक ओढत सामना बघितला. ठोका पडला एकोणीस.

"एकोणीस?" बापूसाहेब कडाडले. "अहो, माणसांच्या छात्या फुटायच्या बाकी राहिल्यात!"

कंपनीकडून दिवे सांभाळायला आलेली रेवा केळकर नावाची पुण्याची मुलगी होती. तिचंही नाक लाल झालं होतं. "काका, आम्ही वेग मोजत नाही. सगळ्यांचे ठोके एका चालीत पडतात का, ते मोजतो. भजनाला पन्नास माणसं बसली आणि प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं जोरजोरात टाळ कुटले, तर त्याला भजन म्हणाल का?"

"म्हणजे रस्सा वाया गेला."

"नाही हो," रेवा डोळे पुसत म्हणाली. "रस्सा छानच होता."

सामना संपल्यावर उज्ज्वला तिच्या मागोमाग गेली. "मला दाखवा की तुमचं ते. मी बघतो."

इकडच्या बायका बोलताना 'बघतो', 'येतो' म्हणतात याची रेवाला आता सवय झाली होती. तिनं पडदा वळवला. मैदानाचा नकाशा होता आणि त्यावर ठिपकेच ठिपके. खेळाशी जुळलेलं काळीज लाल, न जुळलेलं राखाडी. मॅटच्या चारी बाजूंच्या खुर्च्या राखाडी होत्या. पुढच्या रांगांतले सोफे तर इतके राखाडी, की जणू कुणी राख सारवली होती.

तिथं कोण बसतं, हे उज्ज्वलाला सांगायची गरज नव्हती. तिथं मान्यवर बसतात. आपल्याकडे सामना म्हटला की मान्यवर आले, मान्यवर आले की सत्कार आला, आणि सत्कार आला की शाल, श्रीफळ, फेटा आणि दोन शब्द. कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे चेअरमन, आमदारांचे मेहुणे, मेहुण्यांचे मित्र. ते येतात, नारळ मांडीवर घेऊन बसतात, फोनवर बोलतात आणि मध्यंतरात निघतात. त्यांची माणसं मागच्या खुर्च्या धरतात. कबड्डी बघायला आलेली माणसं दोरीच्या पलीकडं उभी असतात. ट्रॉलीवर चढलेली, भिंतीवर बसलेली, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढणारी.

आणि नकाशावर दोरीच्या पलीकडं सगळं लालभडक होतं.

"ह्यांचा ठोका धरत न्हाई व्हय?"

"कंपनी फक्त खुर्च्या धरते. उभा आहे तो येणारा-जाणारा, असा नियम आहे. मी लिहून बघितलं, ऐकत नाहीत." मग रेवा जरा पुढं वाकली. "तुम्हाला एक गंमत दाखवते. दाखवू नये खरं तर, पण मलाच राहवत नाहीये. हा बघा. मंडपाच्या बाहेर, अगदी कडेला. हंगामभर हा ठिपका सगळ्यांत लाल आहे. पण क्षणभर मागं असतो. म्हणजे या माणसाला सामना दिसत नाही. लोक ओरडले की कळतं. आणि दिव्याला याची कायम पाठच दिसते. मैदानाकडे पाठ करून बसतो आणि तुम्ही पकडीला गेलात, की याचं काळीज घोड्यासारखं धावतं! कोण असेल?"

उज्ज्वलानं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथं भडंगाचा गाडा होता. गाडा तिच्या सासूचा होता.

हौसाबाई चौगुले हे प्रकरण सगळ्या पेठेला माहीत होतं. मुलगा लष्करात, सीमेवर. घरात सासू-सून दोघीच. लग्नाला सात वर्षं झाली, सात वर्षं हौसाबाईंचं एकच पालुपद. "सून आणली का पैलवान आणला? चड्डी घालून लोकांच्या पोरींचे पाय वढायचे, ह्याला काय खेळ म्हणत्यात?" त्या सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर भडंग विकायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "धंदा हाय. मला त्यातलं काय कळत न्हाई, कळून घ्यायचं बी न्हाई." आणि तिकडं पाठ करून बसायच्या. ती पाठ बघून उज्ज्वलाला दर वेळी वाईट वाटायचं. संघ बंद पडला तर पेढे वाटणारी पहिली बाई आपल्याच घरात आहे, असं ती मैत्रिणींना हसत हसत सांगायची. हसणं वरवरचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौसाबाई, म्हणजे उज्ज्वलाच्या आत्ती, भडंगाची फोडणी करत होत्या. कढईत लसूण तडतडत होता. उज्ज्वलानं दारातूनच खडा टाकून बघितला.

"आत्ती, आमचा संघ बंद पडंल बहुतेक."

"पडंना. तेवढीच घरात थांबशील." आत्तींनी मान वर केली नाही. पण झारा थांबला. थांबला तो थांबलाच. लसूण तांबूस झाला, मग तपकिरी, मग काळा. अख्ख्या तालुक्यात जिच्या लसणीचा वास नावाजलेला, त्या बाईची फोडणी जळाली.

"बोलत बसतीस आणि माझी कढई जाळतीस!" आत्ती ओरडल्या. "जा तिकडं!"

उज्ज्वला घरामागच्या परड्यात गेली आणि पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. सात वर्षं! मग तिला थोडी लाजही वाटली. ही गोष्ट आत्तींनी तिला सांगितली नव्हती, दिव्यानं सांगितली होती. कुणाची पेटी उघडी दिसली म्हणून आत डोकावल्यासारखं झालं होतं. आत्तींनी जे स्वतःहून झाकलं, ते आपण उघडं करायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

संघाचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. तिनं कार्यकारिणीपुढं सरळ मागणी ठेवली: शेवटच्या सामन्याला मान्यवर उठवा, दोरीपलीकडची माणसं बसवा. सभेतल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, जणू तिनं नारळ फोडायलाच मनाई केली.

"बाळ," बापूसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मान्यवर उठवायचे म्हंजे? त्यांना बलवायला मी महिनाभर पायताण झिजवलंय. सोफ्यावरनं उठवलं, तर मला ह्या गावात उभं कोण करंल?"

शेवटच्या सामन्याचा दिवस उजाडला. मंडप गच्च भरला. पुढं सोफे, सोफ्यांवर मान्यवर, मान्यवरांवर फेटे. टेबलावर शालींची आणि नारळांची रास. दोरीमागं गर्दी अशी, की खांब वाकायला आलेले. बाहेर भडंगाचा गाडा, आणि गाड्यामागं ती पाठ.

समोर इस्लामपूरचा संघ होता. नाणेफेकीनंतर दोन्ही कप्तानांनी माइकवर चार शब्द बोलायचे, अशी रीत होती. उज्ज्वला दर वेळी 'सगळ्यांचे आभार' एवढंच बोलून मोकळी व्हायची. आज तिनं माइक घट्ट धरला. समोर नारळांची रास होती. तिच्याकडे बघता बघताच तिला सुचलं.

"आज आमचा शेवटचा सामना हाय," ती म्हणाली. "आजवर आमच्या मान्यवरांचा लई सत्कार झाला. आज मान्यवरांच्या हस्ते आम्हाला सत्कार करायचाय. ज्यांनी उन्हात, दोरीमागं उभं राहून सगळे सामने बघितले, त्यांचा. मान्यवरांनी उठून यावं, आपल्या हातानं शाल घालावी, नारळ द्यावा, आणि सत्कारमूर्तीला हाताला धरून आपल्या जागेवर बसवावं. एवढ्या मोठ्या मनाची माणसं दुसऱ्या गावात न्हाईत, हे मी इस्लामपूरकरांच्या देखत सांगतो."

बापूसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण इस्लामपूरकरांच्या देखत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कारखान्याचे संचालक सर्वांत आधी उठले; टाळ्या पडल्या, फोटो निघाला. फोटो निघाला म्हटल्यावर बाकीचेही लगबगीनं उठले. आमदारांच्या मेहुण्यांनी तर दोन सत्कार केले. दोरी सुटली. हमाल, गवंडी, शाळकरी पोरी, दूध घालणाऱ्या बाया शाली सावरत सोफ्यांवर जाऊन बसल्या. मान्यवरांची माणसं उठली, तशा मागच्या रांगाही भरल्या. मान्यवर थेट मॅटच्या कडेला येऊन उभे राहिले. इतक्या जवळून त्यांनी कबड्डी कधी बघितलीच नव्हती.

एक शाल उरली होती. माइक अजून उज्ज्वलाच्या हातात होता. हौसाबाई चौगुले, एवढे दोनच शब्द उच्चारायचे. ते तिच्या जिभेवर आले होते. तिनं गिळले.

"आणि बाहेर जे कोण चहावाले, पाणीवाले, भडंगवाले असतील," ती घाईघाईनं म्हणाली, "त्यांनी बी आत यावं. लोकांस्नी बसल्या जागी काय लागंल तर सोय हुईल."

तिनं माइक ठेवला आणि ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मान वर करायचा धीर तिला होईना. मग आवाज आला, "सरका, सरका! माणसांस्नी बसल्या जागी खायाला लागतंय, म्हणून आलोय मी. न्हाईतर मला काय करायचंय हितं!" डोक्यावर भडंगाची पाटी घेऊन हौसाबाई आल्या, पहिल्या रांगेतल्या मधल्या सोफ्यावर पाटी ठेवली आणि पाटीशेजारी बसल्या. या वेळी तोंड मैदानाकडे होतं.

सामना असा झाला, की कुरुंदवाडात त्याचं वर्णन अजून चालू आहे. गुण एकमेकांच्या मागं धावत होते. कृष्णाकाठची पोरगी चढाईला गेली की सोफे पुढं सरकायचे. पतसंस्थेच्या चेअरमननी फेटा काढून हवेत फिरवला. बापूसाहेब मॅटच्या कडेला ओणवे होऊन "कोपरा सोडू नगंस!" असं ओरडत होते, कोपरा म्हणजे काय, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. लोक एकदम श्वास धरायचे आणि एकदम सोडायचे. रेवा पडद्याकडे बघत होती आणि तोंडावर हात ठेवून उभी होती.

शेवटची चढाई इस्लामपूरची. दोन्ही संघ बरोबरीत. त्यांची उंच, लांब पायांची पोरगी डाव्या कोपऱ्याकडे झेपावली आणि उज्ज्वलानं घोटा धरला. पोरगी पडली, पण पडतानाच मध्यरेषेकडे सरपटली. उज्ज्वला फरफटत गेली, तिचं डोकं मॅटवर आपटलं, तरी घोटा सुटला नाही. पोरीनं हात ताणला. सगळ्या मंडपाचे डोळे त्या बोटांवर आणि त्या पांढऱ्या रेषेवर खिळले. पंच वाकले.

बोटं रेषेला लागली होती. कृष्णाकाठ एका गुणानं हरला.

आणि मग त्या हरलेल्या मैदानावर असा जल्लोष झाला, की जिंकलेल्या इस्लामपूरच्या पोरी गोंधळून एकमेकींकडे बघू लागल्या. लोक दोन्ही संघांना उचलून नाचत होते. फलकावर आकडा उमटला: ठोका एक्क्याऐंशी. बापूसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि आमदारांच्या मेहुण्यांना मिठी मारली. संघ राहिला होता. पुढच्या वर्षी कृष्णाकाठ होता, डावा कोपरा होता, आणि तिथं उभी राहायला उज्ज्वला होती. मॅटवर बसल्या बसल्या तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

रेवा पळत आली आणि तिच्याशेजारी टेकली. "ताई, खरं तर ब्याऐंशी होते. मशिननं एक कापला."

"का ओ?"

"शेवटच्या पकडीला सगळ्यांची काळजं एका चालीत होती. इतकी एकतानता आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा कधी मिळाली नाही. फक्त एक ठिपका बाहेर गेला. सगळ्यांचे ठोके पळत होते, तेव्हा याचा एकदम मंद झाला, थांबल्यासारखा. आणि पंचांनी निकाल दिला तरी तो परत चालीत आला नाही. मशिननं त्याला चूक धरलं." रेवानं आवाज खाली आणला. "सगळं मैदान रेषेवरच्या बोटांकडे बघत होतं. मी पडद्यावरून मान वर करून त्या जागेकडे बघितलं, तर तो ठिपका तिकडं बघतच नव्हता. तुमच्या डोक्याकडे बघत होता. तुम्ही उठून बसलात, तेव्हा तो चालायला लागला."

उज्ज्वलानं मान वळवली. पहिल्या रांगेतल्या मधल्या सोफ्यावरून आत्ती उठल्या होत्या. भडंगाची पाटी पालथी पडली होती, नाचणारी पोरं भडंग तुडवत होती, आणि पाटीकडे न बघता हौसाबाई गर्दीतून वाट काढत मॅटवर येत होत्या, पायातल्या चपलांसकट. त्या येऊन उज्ज्वलापुढं थांबल्या. कमरेवर हात ठेवला.

"डोस्क्याला लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई, आत्ती."

"मग उठायला एवढा येळ का लावलास गं बये?"